एटीव्हीचा पिस्टन बदलताना सिलिंडर बोअर करावा का? काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

माझ्या एटीव्हीचा (कच्च्या रस्त्यांवर चालणाऱ्या चारचाकी मोटारगाडीचा) पिस्टन बदलताना सिलिंडर बोअर करून, म्हणजे त्याची आतली भिंत यंत्रावर कापून किंचित मोठी करून घेतल्याला आता बरेच महिने झाले असून, या काळात गाडीने चिखल, चढ आणि ओझे ओढणे अशी सगळी कामे केली आहेत. थंड इंजिन सुरू करताना येणारा पिस्टनचा खडखडाट थांबला, सायलेन्सरमधून येणारा निळसर धूर गेला आणि ऑइलची पातळी दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये जवळपास स्थिर राहते. ताकद वाढली असे मात्र मी म्हणणार नाही. ८५ मिमीच्या बोअरमध्ये (सिलिंडरच्या आतल्या व्यासात) अर्ध्या मिमीची वाढ झाल्याने इंजिनच्या क्षमतेत जेमतेम १.२ टक्के भर पडते. चढावर जो फरक जाणवतो तो झिजेमुळे गेलेले कॉम्प्रेशन परत आल्याचा आहे.

स्टँडर्ड मापाचा नवा पिस्टन आणि त्याच्याभोवतीच्या रिंगा बसवून, भिंतीवर होन (भिंत घासून खरखरीत करणारे हत्यार) फिरवून काम भागवावे, असाही एक मार्ग होता. बोअर गोल आणि सरळ असेल, तर तोच मार्ग योग्य ठरतो. पण ते नजरेने कळत नाही आणि बोट फिरवूनही कळत नाही. बोअर गेजने वर, मध्ये आणि खाली अशा तीन उंचींवर, प्रत्येक ठिकाणी गजन पिनच्या (पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या पिनच्या) रेषेत आणि तिला काटकोनात, अशी एकूण सहा मापे घ्यावी लागतात. माझ्या सिलिंडरमध्ये वरच्या रिंगेच्या पट्ट्यात काटकोनातले माप ८५.११ मिमी आले, पिनच्या रेषेत ८५.०६, तर तळाशी ८५.०२. म्हणजे बोअर वर अंडाकृती झाला होता आणि खाली निमुळता होत गेला होता. झीज वर अधिक असणे स्वाभाविक आहे, कारण ज्वलनाचा दाब तिथे सर्वाधिक असतो आणि ऑइल सर्वांत कमी पोहोचते. शिवाय एअर फिल्टरमधून निसटलेली धूळही तिथेच घासते.

अशा बोअरमध्ये नवी रिंग टाकल्यास काय होते, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. व्यास जेवढा वाढतो त्याच्या ३.१४ पट परीघ वाढतो, म्हणून वर आणि तळाशी असलेल्या ०.०९ मिमीच्या फरकामुळे रिंगेच्या टोकांमधली फट प्रत्येक फेरीत सुमारे ०.२८ मिमीने उघडते आणि मिटते. इंजिन मिनिटाला ६००० फेऱ्यांवर असेल, तर हे सेकंदाला १०० वेळा घडते. नवी रिंग अंडाकृती भिंतीला सगळीकडे सारखी टेकत नाही ती वेगळीच. माझ्याकडच्या स्टँडर्ड पिस्टनचे स्कर्टवरचे (रिंगांच्या खालच्या भागाचे) माप ८४.९६ होते, त्यामुळे वरच्या भागात ०.१५ मिमी क्लिअरन्स (पिस्टन आणि भिंतीमधली फट) राहिला असता, आणि पुस्तिकेतली मर्यादा ०.१० आहे. इथे प्रश्न सुटला.

०.२५ ऐवजी ०.५० ओव्हरसाइझ, म्हणजे स्टँडर्डपेक्षा अर्धा मिमी मोठा पिस्टन निवडला, कारण भिंतीवर एक उभा ओरखडा नखाला अडकत होता आणि पहिल्या मापात तो पूर्ण निघेल याची खात्री नव्हती. पिस्टन आधी हातात घेऊन मगच बोअरिंगला द्यावे, हे मी आग्रहाने सांगेन. खोक्यावरचा आकडा प्रमाण मानू नये. स्कर्टचे प्रत्यक्ष माप घेऊन त्यात उत्पादकाने सांगितलेला क्लिअरन्स मिळवावा आणि तेच अंतिम माप कारागिराला द्यावे. माझा पिस्टन ८५.४६ भरला, म्हणून बोअर ८५.५० केला. फोर्ज्ड (दाबाखाली घडवलेला) पिस्टन साध्या ओतीव पिस्टनपेक्षा तापल्यावर बहुधा अधिक प्रसरण पावतो, तेव्हा त्याला क्लिअरन्सही जास्त लागतो. मापे घेताना दोन्ही वस्तू एकाच तापमानाला असाव्यात: या आकाराचा ॲल्युमिनियमचा पिस्टन १० अंशांनी गरम असेल, तर तो जवळपास ०.०२ मिमी मोठा भरतो, म्हणजे माझ्या क्लिअरन्सच्या निम्मा!

हे सगळे ओतीव लोखंडाच्या लायनरला (सिलिंडरच्या आत बसवलेल्या नळीला) लागू आहे. अनेक एटीव्हींत ॲल्युमिनियमच्या सिलिंडरवर निकासिलचा अतिशय पातळ आणि कठीण थर असतो. तो बोअर करायचा नसतो. थर शाबूत असेल तर स्टँडर्ड पिस्टन चालतो, गेला असेल तर पुन्हा थर चढवणे किंवा लायनर बसवणे हेच पर्याय उरतात.

बोअरिंगनंतर होनिंगच्या तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेषा मी नीट पाहून घेतल्या, कारण ऑइल त्यांतच धरून राहते. मात्र होनिंगची बारीक भुकटी त्याच रेषांत अडकते आणि रॉकेल किंवा पेट्रोलने ती पूर्ण निघत नाही. गरम पाणी, साबण आणि ब्रशने, पांढरे फडके भिंतीवरून फिरवल्यावर पांढरेच राहीपर्यंत धुवावे आणि लगेच ऑइल लावावे, नाहीतर काही वेळातच गंज धरतो. सुरुवातीच्या काळात मी एकाच वेगाने लांब पल्ला टाळला, थ्रॉटल कमी-जास्त करत गाडी चालवली आणि पहिले ऑइल लवकर बदलले. फिल्टरच्या बैठकीला तेव्हापासून ग्रीसचे बोट लावतो आणि प्रत्येक धुळीच्या फेरीनंतर फिल्टरच्या आतल्या बाजूचा नळ पांढऱ्या फडक्याने पुसून पाहतो. आजवर तो स्वच्छच निघाला आहे.