चौथा हॅरी पॉटर आत्ताच, की आधी पर्सी जॅक्सन?

माझ्या धाकट्या जावेची मुलगी अकरा वर्षांची आहे. हॅरी पॉटरचे तीन भाग तिने वाचले असून आता चौथा, ‘गॉब्लेट ऑफ फायर’, हाती द्यावा की पर्सी जॅक्सन मालिकेचा पहिला, ‘द लाइटनिंग थीफ’, या पेचात जाऊ पडली आहे.

लांबीचा प्रश्न लवकर सुटतो. २००० सालचा चौथा भाग ब्रिटिश आवृत्तीत सहाशेहून अधिक पानांचा, म्हणजे तिसऱ्याच्या जवळपास दुप्पट आहे. २००५ चा ‘लाइटनिंग थीफ’ २२ प्रकरणांत आटोपतो आणि पर्सी स्वतःच गोष्ट सांगत असल्याने भाषाही सोपी वाटते.

खरा विचार भीतीचा करावा लागतो. चौथ्या भागाच्या शेवटी स्मशानात सेड्रिक हा सतरा वर्षांचा, निरपराध मुलगा क्षणार्धात मारला जातो आणि खलनायक व्होल्डेमॉर्टचा सेवक वर्मटेल स्वतःचा हात कापून देतो. माझ्या मुलाने ते प्रकरण रात्री वाचले आणि उशिरापर्यंत माझा हात सोडला नाही. तरीही तो मृत्यू उगाच आलेला नाही. त्याचा शोक पुस्तक गांभीर्याने करते, हे मला फार मोलाचे वाटते. पर्सीच्या राक्षसांची धास्ती तेवढी टिकत नाही, मात्र आईला छळणारा सावत्र बाप मुलांना अस्वस्थ करू शकतो.

एकटीने, झोपण्यापूर्वी वाचणाऱ्या किंवा अक्षरांशी झगडणाऱ्या मुलांना पर्सी द्यावा, कारण त्यालाही डिस्लेक्सिया आहे. शेवटची प्रकरणे सोबत बसून वाचायला घरात कोणी असेल, तर चौथा भाग अवश्य द्यावा.