‘व्हीजी-१०’ कोरलेली सुरी

‘जपानी दमास्कस, ६७ थर, व्हीजी-१०’ असं, म्हणजे थरांची लाटदार नक्षी असलेलं जपानी पोलाद असं, कोरलेली सुरी कुणी चार-पाच हजारांत देत असेल तर पैसे काढण्याआधी हे वाचा. गोव्यात डिचोलीला आमची खानावळ आहे. रोज इसवण, चोणक, बांगडे कापायचे, त्यामुळे सुऱ्यांवर खर्च होतोच. म्हापशात भरलेल्या एका प्रदर्शनातल्या स्टॉलवर ही सुरी ४,८०० रुपयांना घेतली.

विकणारा बोलण्यात पटाईत. त्याने कागद हवेत धरून चिरला, टोमॅटोच्या आरपार दिसतील अशा चकत्या केल्या, पात्याला लोहचुंबक चिकटवून दाखवला आणि म्हणाला, ‘‘भाऊ, हिला जन्मात धार लावायला नको.’’ आता हे खेळ नीट समजून घ्या. नुकतंच घासलेलं कुठलंही पातं कागद चिरतं, पन्नास रुपयांचंसुद्धा. कागदावर धार कळते, पोलाद नाही. पोलाद कळतं ते धार किती टिकते त्यावरून. चुंबक चिकटला म्हणजे एवढंच, की हे ताटवाट्यांचं ३०४ स्टील नव्हे. ते पाणी देऊन, म्हणजे तापवून एकदम थंड करून, कडक करताच येत नाही. पण स्वस्तातल्या सुऱ्यांचं ४२० स्टीलही चुंबकाला चिकटतंच. आणि धार लावायला न लागणारी सुरी अजून कुणी बनवलेली नाही.

व्हीजी-१० हे पोलाद खरंच आहे, जपानच्या ताकेफू कंपनीचं. साधारण १ टक्का कार्बन, १५ टक्के क्रोमियम आणि दीड टक्क्याच्या आसपास कोबाल्ट. नीट पाणी दिलं तर रॉकवेल मापावर कडकपणा ६० च्या घरात जातो. असं पातं हाडावर आपटलं तर धारेचा टवका उडतो. आमच्या सुरीची धार चोणकाच्या कण्यावर चक्क मुडपली, बोट फिरवलं की एका बाजूला कंगोरा लागायचा. संशय तिथे आला.

मग बायकोने सुरी खिडकीशी नेऊन पाहिली आणि जे दाखवलं ते स्टॉलवरसुद्धा पाहता येतं, म्हणून सविस्तर सांगतो. ६७ थर म्हणजे मध्ये एकसंध व्हीजी-१० चा गाभा आणि दोन्ही बाजूंना ३३-३३ थर. धार गाभ्याची असते. म्हणून खऱ्या सुरीत लाटांची नक्षी धारेच्या थोडं वर थांबते, खाली साधी पट्टी दिसते आणि दोन्हींमधली रेघ थोडी वेडीवाकडी असते. आमच्या सुरीवर लाटा थेट धारेपर्यंत उतरलेल्या! पाठ उलटी करून पाहिली तर तिथे एकही थर नाही, गुळगुळीत पत्रा. नक्षी वरून काढलेली, मेंदीसारखी. बारीक पॉलिश पेपरने एक कोपरा घासला, सर्किट बोर्डासाठी मिळतं ते फेरिक क्लोराइड लावलं. खरे थर असते तर नक्षी परत उठली असती. तो कोपरा नुसता करडा झाला.

भाचा वेर्ण्याला कारखान्यात आहे. तिथे येणाऱ्या पाइपांचा धातू तपासायला एक्स-रे गन असते. त्याने साहेबांना विचारून पातं त्याखाली धरलं. क्रोमियम १३ टक्क्यांच्या आसपास. ‘‘मामा, कोबाल्ट औषधालाही नाही,’’ त्याचा फोन. या गनला कार्बन मोजता येत नाही, त्यामुळे नेमकी जात सांगता आली नाही. पण कोबाल्ट नाही म्हणजे व्हीजी-१० नाही, वाद संपला.

विकणाऱ्याला फोन केला. आधी ‘तेल लावून ठेवा’, मग ‘तो लॉटच वेगळा होता’, मग नंबर ब्लॉक. बिलावर काय, तर ‘किचन नाइफ, १ नग’. पोलादाचं नाव नाही, जीएसटी नंबर नाही. फसवणुकीची खरी मेख इथे आहे: बढाई सगळी खोक्यावर आणि पात्यावर, बिलावर अक्षर नाही. तेव्हा पोलादाचं नाव आणि कडकपणा बिलावर लिहून मागा. तिथेच अर्धे गळतात.

शिवाय आपल्याकडच्या कामाला व्हीजी-१० हवंच असंही नाही. आमच्या स्वयंपाकघरात खारी हवा, चार महिने पाऊस, वर सोलं आणि लिंबू. अर्धा टक्का कार्बन आणि १५ टक्के क्रोमियमचं जर्मन धाटणीचं १.४११६ स्टील इथे बरं चालतं. कडकपणा ५६ च्या आसपास, सहाणेवर धार पटकन येते. डी२ नावाच्या पोलादाची हल्ली फार जाहिरात होते. त्यात क्रोमियम १२ टक्के असलं तरी कार्बन दीड टक्का असल्याने बरंचसं क्रोमियम कार्बनशी जोडलं जाऊन कार्बाइडच्या कणांतच अडकतं, गंज रोखायला कमी उरतं आणि पावसाळ्यात पात्यावर ठिपके उठतात. माशाची डोकी फोडायला लोहाराने गाडीच्या कमानपाट्यातून घडवलेला कोयताच बरा. गंजतो, पण पुसून खोबरेल लावलं की झालं.

कुणाकडे अशी सुरी आली असेल तर खोकं, विकणाऱ्याचं कार्ड आणि पैसे भरल्याचा पुरावा टाकू नका, पात्याचे फोटो घासण्याआधी काढा. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. आमची तक्रार नोंदली गेली आहे, विकणाऱ्याचा पत्ता मात्र अजून सापडलेला नाही.