पहिला दोनरंगी काउल: स्ट्रँडेड विणावा की मोझेक?

सुलट-उलट हातात बसलंय, एखादा मफलर आणि बाळाचा स्वेटर विणून झालाय, आता दोन रंगांची नक्षी करून बघायची आहे. अशा वेळी काउल, म्हणजे डोक्यातून गळ्यात घालायचा बिनटोकांचा मफलर, हा सोयीचा प्रकार. बाह्या नाहीत, गळा कापायचा नाही, माप दोन-चार सेंटिमीटर चुकलं तरी वापरता येतो. अडतं ते पद्धतीपाशी. स्ट्रँडेड आणि मोझेक या दोन्ही पद्धतींचे काउल लांबून सारखेच दिसतात, पण विणताना हाताला लागणारं वळण अगदी वेगळं.

स्ट्रँडेडमध्ये एकाच ओळीत दोन्ही रंग चालतात. ज्या रंगाचा टाका असेल तो विणायचा आणि दुसरा धागा मागून मोकळा न्यायचा. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलँड बेटांमधलं फेअर आयल याच विणीसाठी ओळखलं जातं. तिथल्या पारंपरिक स्वेटरात रंग पुष्कळ दिसतात, पण कुठलीही एक ओळ पाहिली तर त्यात दोनच. नॉर्वेतल्या सेल्बूचे आठ पाकळ्यांच्या फुलाचे हातमोजेही असेच विणतात. त्यांचं श्रेय मारित एमस्टाड हिने 1857 साली विणलेल्या जोडीला दिलं जातं. दोन्ही मुलूख थंड वाऱ्याचे, आणि तिथे ही वीण रुजली यात नवल नाही: मागून जाणाऱ्या धाग्यांमुळे विणीला दुसरा थर मिळतो आणि ऊब टिकते.

मोझेकमध्ये एका वेळी एकच रंग हातात असतो. त्या रंगाने दोन ओळी विणायच्या, मग दुसऱ्या रंगाने दोन. नक्षी उमटते ती काही टाके न विणता नुसते उचलून घेतल्यामुळे, कारण उचललेला टाका खालच्या ओळीचा रंग वर आणतो. अमेरिकेच्या बार्बरा वॉकर यांनी हे नाव आणि याचे ग्राफ, म्हणजे चौकटींवर काढलेले नक्षीचे आराखडे, लोकप्रिय केले. ग्राफची एक ओळ म्हणजे विणीच्या दोन ओळी. परतीच्या ओळीत ग्राफकडे बघावंही लागत नाही: जो टाका आधी विणला तो विणायचा, जो उचलला तो उचलायचा. टीव्ही बघत विणणाऱ्यांना हे फारच मानवतं.

मग मोझेकच सोपं, असं वाटेल. उसवायला ते सोपं आहेच, आणि दोन सरळ सुयांवर पट्टी विणून टोकं शिवली किंवा बटणं लावली की काउल तयार. पण नक्षीला मर्यादा आहेत. लागोपाठ दोन-तीनपेक्षा जास्त टाके उचलता येत नाहीत, त्यामुळे कोनाकोनाच्या जाळ्या, पायऱ्या, चौकटी उत्तम जमतात, पण फूल किंवा पक्षी काढायला गेलं की रडकथा. शिवाय उचललेल्या टाक्यांमुळे वीण उभ्या अंगाने आखडते. इतक्या ओळी विणूनही उंची का वाढत नाही, याचं उत्तर तेच.

स्ट्रँडेड अवघड म्हणून बदनाम आहे ते बरंचसं दोन सरळ सुयांमुळे. सरळ सुयांवर प्रत्येक दुसरी ओळ उलट येते. तेव्हा मोकळे धागे आपल्याकडे तोंड करून बसतात, नक्षी पलीकडे जाते, ग्राफ उलट्या दिशेने वाचावा लागतो आणि दोन रंग उलट टाक्यांत सांभाळायचे असतात. पहिल्याच प्रयत्नात हे अंगावर घेऊ नये. गोल सुईवर, म्हणजे वायरने जोडलेल्या दोन टोकांच्या सुईवर, मात्र सगळ्या फेऱ्या सुलट. नक्षी कायम समोर, ग्राफ दर वेळी उजवीकडून डावीकडे. ज्यांना उलट टाक्याचा कंटाळा आहे त्यांना तर स्ट्रँडेडच सोपं जाईल.

खरी मेख मागच्या धाग्याच्या ताणात आहे. रंग बदलण्याआधी उजव्या सुईवरचे नुकतेच विणलेले टाके बोटाने जरा पसरायचे आणि मगच नवा धागा मागून आणायचा. हे केलं नाही तर धागा आखडतो, वीण चुण्या खाते आणि काउल डोक्यातून जाईनासा होतो. पाचाहून जास्त टाक्यांचं अंतर असेल तर मध्ये एकदा धागा अडकवून घ्यायचा, पण वरच्या फेरीत त्याच टाक्यावर नाही, नाहीतर समोरच्या बाजूने रेघ दिसते. हात मुळातच घट्ट असेल तर नळी आतबाहेर करून, आतली बाजू बाहेर ठेवून विणावं. धागा बाहेरच्या वळणाने जातो आणि आपोआप थोडा लांब राहतो. आणि नक्षीचा रंग नेहमी खालून, पार्श्वभूमीचा वरून. ही जागा मध्येच बदलली तर नक्षी एका पट्ट्यात ठसठशीत आणि दुसऱ्यात दबलेली दिसते.

माझा कौल स्ट्रँडेडला, पण तीन-चार टाक्यांहून लांब धागे नसलेल्या ग्राफलाच. अपवाद कापसाच्या धाग्याचा. पुण्यामुंबईत रोज वापरायला काहीतरी हवं असेल तर दुहेरी लोकरीचा काउल कपाटातच राहणार. तिथे सुती धाग्यात मोझेक करावं. सुती धागा लवचिक नसतो, त्यामुळे स्ट्रँडेडमधला प्रत्येक कमीजास्त ताण तो उघडा पाडतो. हिमालयात ट्रेकला जाणाऱ्या भाचीसाठी किंवा टोरांटोतल्या मुलासाठी विणत असाल तर प्रश्नच नाही, स्ट्रँडेडच.

लोकर खरी घ्यावी की अ‍ॅक्रिलिक? स्ट्रँडेडला खरी. तिचे तंतू एकमेकांना धरून राहतात, आणि कोमट पाण्यात भिजवून, टॉवेलमध्ये दाबून, आडवा पसरून वाळवला की थोडेफार वरखाली टाके बसतात. अ‍ॅक्रिलिक धुऊन फारसं सुधारत नाही. त्यावर गरम इस्त्री तर नकोच, वीण कायमची लुळी पडते. मोझेकला अ‍ॅक्रिलिक चालून जातं. रंग निवडताना दोन गुंडे शेजारी ठेवून मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. दोन्ही एकाच राखाडी छटेचे आले तर लाल-हिरवा कितीही वेगळा वाटो, नक्षी बुडणार.

मापाचा हिशेब सोपा आहे. 10 सेंटिमीटरमध्ये 20 टाके बसत असतील तर 56 सेंटिमीटर घेराला 112 टाके, म्हणजे 8 टाक्यांची नक्षी बरोबर 14 वेळा. टाके मोजायचा नमुना मात्र दोन्ही रंगांत, नक्षीसकट विणा. साध्या विणीपेक्षा स्ट्रँडेड आखडतं, म्हणून बॉर्डर झाल्यावर नक्षीसाठी अर्धा मिलिमीटर जाड सुई घेतात.

गोल सुई 40 सेंटिमीटरची हवी. 80 सेंटिमीटरच्या सुईवर 56 चा घेर पुरणार नाही, मग वायरचा फास मधून काढत विणावं लागतं. सुईचा नंबर बघताना आणखी एक काळजी घ्या. आपल्याकडच्या जुन्या नंबरात 8 म्हणजे 4 मिलिमीटर आणि आकडा वाढला की सुई बारीक होते. अमेरिकन नमुन्यात उलटं आहे, तिथला 8 म्हणजे 5 मिलिमीटर. तेव्हा नंबर सोडा, मिलिमीटर वाचून सुई मागा.