शिंगल कुठलीही घ्या, आधी प्लायवूडचे खिळे बघा

अमेरिकेत, फ्लोरिडातल्या टँपाजवळ ब्रँडनला आमचं घर आहे, 1986 सालचं. छप्पर जुनं झालंय म्हणून इन्शुरन्सवाले कुरकुरायला लागले, तेव्हा 2024च्या मार्चमध्ये ते बदलून घेतलं. ज्यांच्याकडून घेतलं त्या रूफरबद्दल, म्हणजे छप्पर घालणाऱ्यांबद्दल, हे लिहिते आहे. मधे एक अख्खं वादळ जाऊ दिलं आणि मगच लिहायला बसले.

चौघांकडून कोटेशन घेतलं. तिघांनी जेवणाच्या टेबलावर शिंगलचे, म्हणजे छपरावर सगळ्यात वर बसवायच्या पातळ चकत्यांचे, नमुने मांडले आणि रंग नि वॉरंटीबद्दल बोलत राहिले. चौथ्यानं शिडी मागितली आणि थेट ॲटिकमध्ये, छपराखालच्या माळ्यावर, चढला. खाली आल्यावर फोनमधला फोटो दाखवला. शिंगलखालच्या प्लायवूडमधून स्टेपलचे दोन पाय खाली आलेले, ट्रसच्या (छपराला खालून आधार देणाऱ्या लाकडी सांगाड्याच्या) शेजारून, लाकडाला न शिवता. "हे काहीच धरत नाहीत," एवढंच म्हणाला. काम त्याला दिलं.

ऑगस्ट 1992 मध्ये अँड्र्यू वादळानं मायामीच्या दक्षिणेला अशाच कितीतरी घरांची छपरं नेली. चुकलेले स्टेपल, विरळ खिळे. प्लायवूडची शीट उडाली की पाऊस सरळ खोल्यांत. त्यातून धडा घेत नियम कडक होत गेले, आणि 1 मार्च 2002 पासून सगळ्या राज्याला एकच फ्लोरिडा बिल्डिंग कोड लागू झाला. आमच्यासारख्या जुन्या घरांचं छप्पर बदलताना आता खालच्या प्लायवूडलाही नव्यानं खिळे मारावे लागतात: 8डी मापाचे रिंग शँक (अंगावर कड्या असलेले) खिळे, 6-6 इंचांवर. जुने स्टेपल हिशोबात धरायचेच नाहीत.

मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे कागद-पेन्सिल घेतल्याशिवाय राहवलं नाही. 4 बाय 8 फुटांची शीट, खाली 24 इंचांवर ट्रस, म्हणजे एका शीटखाली पाच आधार. जुन्या पद्धतीत कडेला 6 इंचांवर आणि मधे 12 इंचांवर ठोकायचे: 33 खिळे. सगळीकडे 6 इंच धरलं की 45. फरक बाराच खिळ्यांचा वाटतो, पण मधल्या ट्रसवर आधी एकेका खिळ्याच्या वाट्याला 2 चौरस फूट छप्पर येत होतं, आता 1. वारा छपराला खाली दाबण्यापेक्षा वर ओढतो, आणि कोपऱ्यांत, कडांना नि आढ्याजवळ ती ओढ सगळ्यात जास्त. मधल्या ट्रसवरच्या प्रत्येक खिळ्यावरचा भार आता निम्मा झाला.

माझं माहेर दापोलीकडचं. 3 जून 2020 ला निसर्ग वादळात आमच्या पडवीचे पत्रे गेले. आई फोनवर म्हणाली होती, "पत्रे गेले गो, हुक तेवढे वाशाला तसेच आहेत." तिथे हुक राहिला आणि त्याच्याभोवती पत्रा फाटला. इथे प्लायवूडच्या बाबतीत बऱ्याचदा उलटं होतं: गुळगुळीत खिळाच लाकडातून उपटून येतो. म्हणून रिंग शँक. त्याच्या अंगावर बारीक कड्या असतात, त्या लाकडात रुतून बसतात. फोरमननं एक खिळा माझ्या हातात दिला. नख फिरवलं तरी खरखर जाणवते.

कामाला तीन दिवस लागले. पहिल्या दिवशी जुनं सगळं उतरवल्यावर पाच शीट कुजलेल्या निघाल्या. त्या प्रत्येकीचे 85 डॉलर जादा, पण हा दर करारात आधीच लिहिलेला होता. नव्या शीट बसवताना मधे पाव इंचाच्या निम्मी फट सोडली, दमट हवेत प्लायवूड फुगतो म्हणून. मग खिळे, आणि खिळ्यांवर मोजायची टेप धरून प्रत्येक उताराचे फोटो. ते फोटो न मागता मला पाठवले. त्यावर चिकटणारा पडदा अंथरला, म्हणजे शिंगल उडाली तरी सांध्यांतून पाणी आत येऊ नये.

तक्रारीही आहेत. काम संपल्यावर मी टॉर्च घेऊन ॲटिकमध्ये गेले, तर गॅरेजच्या वर सलग सात खिळे ट्रसला चुकून हवेत लोंबत होते. फोटो पाठवल्यावर माणूस दुसऱ्या दिवशी आला आणि वाद न घालता दुरुस्त करून गेला. तरीही हे मी शोधायला लागू नये. आणि ड्राइव्हवेवर चुंबक फिरवूनही राहिलेल्या एका खिळ्यानं माझा टायर पंक्चर केला. त्याचे पैसे त्यांनी दिले.

ऑक्टोबरमध्ये मिल्टन वादळ आलं. 9 तारखेच्या रात्री सिएस्टा कीला धडकलं, सेंट पीटर्सबर्गच्या ट्रॉपिकाना स्टेडियमचं कापडी छप्पर फाटून गेलं. आम्ही चौघं हॉलच्या बोळात गाद्या टाकून बसलो होतो. पहाटे वारा पडल्यावर ॲटिकमध्ये गेले. मागच्या बाजूच्या काही शिंगल गेल्या होत्या हे नंतर कळलं. आत मात्र प्लायवूड कोरडा होता, सगळीकडे. मी हात फिरवून बघितला.

पाचपैकी साडेचार. अर्धा त्या सात खिळ्यांचा कापला. वादळी-वारा तपासणीच्या फॉर्मवर छपराच्या खिळ्यांचा रकाना असतो, तिथे आमचं 'ए' (सगळ्यात कच्ची पकड) होतं, ते 'सी' (त्याहून पक्की) झालं आणि इन्शुरन्सचा हप्ता कमी झाला. कोणाला यांचं नाव हवं असेल तर मला विचारा, आणि ते आले की शिडी तयार ठेवा.