ताई, तुझ्या डब्याची सम कुठंय? : सर्किट ट्रॅक्स, बीटस्टेप प्रो आणि डिजिटॅक्ट

लॅपटॉप घरी ठेवून स्टेजवर इलेक्ट्रॉनिक संगीत वाजवायचं ठरवलं की हार्डवेअर सीक्वेन्सर घ्यावाच लागतो. सूर आणि ठोके पायरीपायरीने लक्षात ठेवायचे आणि बाकीच्या वाद्यांना हुकूम सोडायचे, हे त्याचं काम. मी सध्या नोव्हेशनचं सर्किट ट्रॅक्स वापरते. त्याआधी आर्टुरियाचं बीटस्टेप प्रो होतं, आणि एका मित्राचं एलेक्ट्रॉन डिजिटॅक्ट बरेच महिने माझ्याच टेबलावर होतं. तिन्हींवर कार्यक्रम केलेत. यूट्यूबवरचे रिव्ह्यू या यंत्रांना बहुतेक चारच्या ठेक्यावर पारखतात. माझ्या शेजारी कोल्हापूरचा चुलतभाऊ ढोलकी आणि संबळ घेऊन बसलेला असतो, त्यामुळे माझी कसोटी वेगळी आहे. त्याने पहिल्याच तालमीत विचारलं, "ताई, तुझ्या डब्याची सम कुठंय?"

सम म्हणजे तालाची पहिली मात्रा, जिथे सगळे येऊन भेटतात. आता या प्रश्नाचं उत्तर जो सीक्वेन्सर नीट देतो, तोच मला चांगला वाटतो. बाकीची फीचर्स नंतर.

रूपक घ्या. सात मात्रा, मात्रेला चार पायऱ्या, म्हणजे २८. सर्किट ट्रॅक्सचा एक पॅटर्न, म्हणजे पायऱ्यांचा एक फेरा, ३२ पायऱ्यांपर्यंत जातो आणि शेवट कुठेही ठेवता येतो, त्यामुळे रूपक एका पॅटर्नमध्ये बसतो. पण ड्रम मशिनच्या सवयीने पहिल्या पायरीवर किक, म्हणजे ड्रमचा जाड ठोका, टाकलात की रूपक मेला, कारण त्याची सम खालीची, म्हणजे बिनवजनाची. ती ती ना, धी ना, धी ना. वजन चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर येतं, म्हणजे किक १३ आणि २१ या पायऱ्यांवर, आणि पहिली जागा मोकळी. ती मोकळी जागा मोठ्या स्पीकरवर फार छान वाटते. नाचणारे क्षणभर गोंधळतात, मग त्यांना ती आवडायला लागते. झपतालाच्या ४० पायऱ्या मात्र एका पॅटर्नमध्ये मावत नाहीत. २०-२० चे दोन पॅटर्न साखळीत जोडावे लागतात. बीटस्टेप प्रोमध्ये ६४ पायऱ्या मिळतात, तिथे झपताल सरळ बसतो आणि दीपचंदीच्या ५६ सुद्धा बसतात. डिजिटॅक्टमध्येही ६४.

खरी गंमत पॅटर्न बदलताना. ढोलकी २८ ची आणि किक १६ ची ठेवली तर दोघांची भेट ११२ पायऱ्यांनी होते, म्हणजे रूपकाच्या चार आवर्तनांनी. ऐकायला झकास. पण सर्किट ट्रॅक्समध्ये प्रत्येक ट्रॅक, म्हणजे एकेका वाद्याची ओळ, आपापला पॅटर्न संपला की बदलतो. दोन ट्रॅकवर एकदम नवा पॅटर्न मागितला, तर एक आत्ता बदलणार आणि दुसरा थोड्या वेळाने, आणि भाऊ ढोलकी थांबवून माझ्याकडे बघणार. डिजिटॅक्टने हे सर्वात समजूतदारपणे सोडवलंय. ट्रॅकच्या लांब्या वेगवेगळ्या ठेवल्या तरी सगळे किती पायऱ्यांनी पुन्हा पहिल्यावर यायचे आणि पुढचा पॅटर्न किती पायऱ्यांनी लागायचा, हे दोन आकडे आपण भरायचे. सम कुठंय ते यंत्राला सांगायची सोयच आहे म्हणा ना. बीटस्टेप प्रोमध्ये पॅटर्न संपल्यावर बदलायचं की लगेच, याची सेटिंग कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रॅममधून करावी लागते. एकदा करून ठेवली की प्रश्न नाही.

मग मी डिजिटॅक्ट का घेतलं नाही? त्याला १२ व्होल्टचा अडॅप्टर लागतो आणि आत बॅटरी नाही. आम्ही वाजवतो ती कॅफेची मागची खोली, कुणाची तरी गच्ची, कधी कॉलेजचं प्रांगण. तिथला एकमेव एक्स्टेन्शन बोर्ड साऊंडवाल्याच्या ताब्यात असतो. सर्किट ट्रॅक्समध्ये चार्ज होणारी बॅटरी आहे, कंपनी चार तास सांगते, आणि यूएसबी-सी असल्याने पॉवर बँकेवरही चालतं. बीटस्टेप प्रोला आत बॅटरी नाही, पण तेही यूएसबीवर चालतं. एक लक्षात ठेवा: काही पॉवर बँका कमी करंट ओढणारं काही लावलं की 'फोन भरला' असं समजून आपोआप बंद होतात. घरी तासभर लावून बघितल्याशिवाय कुठलीही पॉवर बँक स्टेजवर नेऊ नये.

दुसरं कारण वायरींचं. बीटस्टेप प्रो स्वतः आवाज काढत नाही, तो फक्त हुकूम देतो, म्हणून प्रत्येक वाद्याची वायर मिक्सरपर्यंत वेगळी न्यावी लागते. सर्किट ट्रॅक्समध्ये दोन सिंथ आणि चार ड्रम ट्रॅक आतच आहेत, शिवाय बाहेरच्या वाद्यांसाठी दोन मिडी ट्रॅक. मिडी म्हणजे वाद्यांनी एकमेकांना हुकूम द्यायची भाषा. मागे दोन ऑडिओ इनपुट आहेत. कॉर्गचं व्होल्का बेस हे छोटं बेस सिंथ मी मिडीवरून चालवते, त्याचा आवाज याच इनपुटात घेते आणि आतला डिले-रिव्हर्ब, म्हणजे प्रतिध्वनी आणि घुमारा, त्यालाही लावते. साऊंडवाल्याला हातात दोनच जॅक द्यायचे: डावा, उजवा. त्याचा चेहरा लगेच खुलतो. व्होल्का सहा पेन्सिल सेलवर चालतो, त्यामुळे माझ्या बाजूला भिंतीतलं काहीच लागत नाही.

मिडीबद्दल थोडं. सर्किट ट्रॅक्सला इन, आउट, थ्रू असे जुने पाच पिनांचे मोठे सॉकेट आहेत. बीटस्टेप प्रोला ३.५ मिलिमीटरचे, अडॅप्टर लावून. या छोट्या अडॅप्टरांत टाइप ए आणि टाइप बी असे दोन प्रकार आहेत, दिसायला सारखे, आतली जोडणी वेगळी. २०१८ मध्ये टाइप ए हे प्रमाण ठरलं, पण बीटस्टेप प्रो २०१५ चा, त्याला बी लागतो. कॉर्गचा अडॅप्टर ए. पिशवीत दोन्ही मिसळले की अंधारात शोधत बसायचं. म्हणून मी त्यांवर नेलपॉलिशचे वेगवेगळे ठिपके लावलेत.

ढोलकीचे बोल आम्ही घरीच रेकॉर्ड करून सर्किटमध्ये भरले. एका ड्रम ट्रॅकवर प्रत्येक पायरीला वेगळा सॅम्पल (रेकॉर्ड केलेला आवाज) लावता येतो, म्हणून ढोलकीचे सगळे बोल मिळून एकच ट्रॅक खातात. चार ड्रम ट्रॅक कागदावर कमी वाटतात, असे वापरले तर पुरून उरतात. शिवाय एका पायरीचे सहा सूक्ष्म भाग आहेत, ठोका तेवढा मागे सरकवता येतो. संबळाचा थोडा लंगडा झोल यातूनच येतो. नुसत्या स्विंगच्या बटणाने तो कधीच जमला नाही.

स्केलच्या यादीत 'मारवा' आणि 'तोडी' ही नावं बघून मी दुकानातच हसले होते. पण तो मारवा थाट आहे, म्हणजे नुसता सात सुरांचा संच, राग नव्हे. पॅडवर, म्हणजे दाबायच्या चौकटींवर, पंचम बसलेला आहे आणि रागात तर पंचम वर्ज्य. वाजवताना तो पॅड टाळायचा, एवढंच. तोडीत गंधाराचं आंदोलन मागू नका, मिळणार नाही. मात्र कंटाळवाणी मायनर स्केल सोडून पटकन दुसऱ्या रंगात जायला ही दोन नावं फार उपयोगी आहेत. १९८२ मध्ये मुंबईच्या चरणजित सिंगांनी टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ ही रोलँडची यंत्रं घेऊन राग डिस्कोवर चढवले होते. ठेका चारचा ठेवल्यामुळे त्यांना समेची ही डोकेदुखी नसावी. आणि टीबी-३०३ सुद्धा सेलवर चालायचं, बरं का.

सर्किटला स्क्रीन नाही. टेम्पोचा आकडासुद्धा पॅडच्या दिव्यांनी काढून दाखवतात. सुरुवातीला चीड येते, मग अंधारात तेच बरं वाटतं, कारण मान खाली घालून मेन्यू वाचत बसावं लागत नाही. त्रास होतो तो म्यूटचा, म्हणजे एखादा ट्रॅक गप्प करण्याचा. त्यासाठी मिक्सरच्या पानावर जावं लागतं, आणि तिथे असताना पायऱ्या दिसत नाहीत. बीटस्टेप प्रोचे १६ नॉब आणि टॅप टेम्पोचं बटण मला अजून आठवतात. भाऊ रंगात येऊन लय वाढवायचा तेव्हा चार टॅप मारून त्याला गाठता यायचं. सीव्ही-गेटची, म्हणजे मॉड्युलर सिंथला व्होल्टेजने हुकूम द्यायची, जोडणीही सर्किटला नाही. मॉड्युलर सिंथ असेल तर बीटस्टेप प्रोच घ्या, विचार करू नका.

बजेट मोठं असेल तर स्क्वार्प कंपनीचं हापॅक्स आणि ऑक्सी कंपनीचं ऑक्सी वन हे सीक्वेन्सरही बघा, पण ते स्वतः आवाज काढत नाहीत हे धरून हिशोब करा. अगदी कमी पैशांत सुरुवात करायची तर कॉर्ग एसक्यू-१ दोन पेन्सिल सेलवर चालतो. पायऱ्या फक्त १६. त्यात तीनताल बसतो, मात्रेला एक पायरी धरून.

सेकंडहँड सर्किट बघायला जाताना चार्जर सोबत न्या, पण लावू नका. बॅटरीवरच चालू करा आणि विकणाऱ्याशी गप्पा मारत अर्धा तास वाजवत ठेवा. बत्तीसच्या बत्तीस पॅड हलके आणि जोरात मारून बघा, आठही नॉब सावकाश फिरवा, मिडी आउटला आपलं एखादं वाद्य जोडून बघा. मालकाचे प्रोजेक्ट आत असतील तर पुसायच्या आधी एकदा ऐका. मला मिळालेल्या यंत्रात कुणीतरी भजनी ठेका भरून ठेवला होता, आठ मात्रांचा, चांगला होता. तो मी ठेवलाय.