अनुबियास आणि जावा फर्नसाठी जेल गोंद: चार महिन्यांचा अनुभव

सांगलीच्या विश्रामबागेतील एका दुकानातून घेतलेला सायनोअ‍ॅक्रिलेट जेल गोंद (सुपरग्लूचा घट्ट प्रकार) मी चार महिने वापरत असून, माशांच्या गोड्या पाण्याच्या टाकीत वनस्पती दगड-लाकडावर बसवण्यासाठी तो दोऱ्यापेक्षा निश्चितच सोयीचा ठरला आहे. अनुबियास आणि जावा फर्न या पाण्यातील वनस्पतींचे आडवे वाढणारे जाड खोड वाळूत पुरले, तर ते कुजते. विक्रेत्याने मात्र मला ते खुशाल पुरायला सांगितले होते आणि त्या सल्ल्यापायी माझे पहिले रोप गेले.

जेल घट्ट असल्यामुळे ते ओघळत नाही. खोडाची खालची बाजू आणि दगड कापडाने टिपून, मुगाएवढा थेंब लावून काही क्षण दाबून धरले की पुरते, कारण हा गोंद ओलाव्यानेच कडक होतो. पाण्यात गेल्यावर तो पांढरा पडतो आणि काळ्या बेसॉल्टवर हा डाग फारच खटकतो, त्यामुळे थेंब मुळांआड लपेल असाच लावावा. जावा मॉस या शेवाळासारख्या वनस्पतीसाठी मात्र मी अजूनही सुती दोराच पसंत करतो, कारण गोंदाखाली सापडलेला मॉस मरतो.

त्याच दुकानातील लाकूड दोन आठवडे भिजवूनही तरंगत राहिले आणि पाणी चहासारखे झाले. हा रंग माशांना अपायकारक नसला, तरी लाकूड दगडी पाटीला स्क्रूने जखडूनच बुडवावे लागले, याची कल्पना विक्रेत्याने आधी द्यायला हवी होती.