अटल सेतू: काही महिन्यांच्या नियमित वापरानंतरचा अनुभव

परळहून उरणच्या बाजूला स्वतःच्या गाडीने नोकरीला जाणाऱ्या माणसाला जानेवारी 2024 पूर्वी वाशीचा खाडीपूल ओलांडून बेलापूरमार्गे वळसा घालण्यावाचून गत्यंतर नव्हते. आता शिवडी ते चिर्ले असा 21.8 किलोमीटर लांबीचा अटल सेतू आहे आणि त्यातला सुमारे 16.5 किलोमीटरचा भाग पाण्यावर आहे. काही महिने त्याच्यावरून जवळजवळ रोज ये-जा केल्यावर माझे मत असे झाले आहे की पुलाच्या बांधणीत खोट काढायला फारशी जागा नाही. टोलच्या दरपत्रकात ती आहे, आणि ती नेमकी रोजच्या प्रवाशाला नडते.

मोटारीसाठी संपूर्ण अंतराचे दर ठरले ते असे: एकेरी 250 रुपये, जाऊन-येऊन 375, दिवसभराचा पास 625 आणि मासिक पास 12,500. मासिक पास म्हणजे पन्नास एकेरी फेऱ्यांचे पैसे. महिन्याचे 25 दिवस कामावर जाणाऱ्याने रोज परतीचा टोल भरला, तर त्याचे 9,375 रुपये होतात. पास घेणारा त्याच प्रवासाचे तीन हजारांहून अधिक जास्त मोजतो. दिवसातून दोन-तीनदा खाडी ओलांडणाऱ्या व्यावसायिकाचे गणित निराळे असेल, परंतु सकाळी जाऊन संध्याकाळी परतणाऱ्याला हा पास परवडायला महिना 34 दिवसांचा हवा. त्यातच ऑक्टोबर 2024 पासून वाशीसह मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाल्याने, पलीकडचा रस्ता फुकट आणि अलीकडचा पावणेचारशेचा, अशी तुलना मनात रोज होते.

पूल आणि पथकर यांचा हा वाद मुंबईला नवा नाही. कंपनी सरकारने हात आखडता घेतल्यावर लेडी अवाबाई जमशेटजी यांनी माहीम कॉजवेसाठी 1,57,000 रुपये दिले, ते लोकांकडून पथकर घेऊ नये या अटीवर. 1845 मध्ये एका दात्याच्या पैशातून जे जमले, ते सुमारे 17,840 कोटींच्या आणि जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून उभ्या राहिलेल्या प्रकल्पात जमणार नाही, हे उघड आहे. टोल असण्याला माझी हरकत नाही. नित्य वापराला सवलत मिळत नाही, याला आहे.

प्रत्यक्ष गाडी चालवण्याचा अनुभव मात्र उत्तम आहे. कमाल वेग ताशी 100 किलोमीटर असून टोलसाठी फाटकापाशी थांबावे लागत नाही. कमानीखालून जाताना फास्टॅगमधून पैसे वळते होतात. काँक्रीटच्या भागावर सांध्यांचा ठोका चाकांखाली ठरावीक अंतराने जाणवत राहतो, आणि पोलादी गाळे (दोन खांबांमधले पुलाचे भाग) सुरू झाले की त्याची लय बदलते. समुद्रतळाच्या वाहिन्या आणि नौकांचा मार्ग जिथे आहे तिथे खांब दूरदूर घ्यावे लागले, म्हणून त्या ठिकाणी पोलादी गाळे बसवले असून सर्वांत लांब गाळा 180 मीटरचा आहे. पोलादी पत्र्याला खालून उभ्या-आडव्या पट्ट्यांनी जखडून तयार केलेला रस्त्याचा हा तक्ता काँक्रीटपेक्षा बराच हलका असतो, त्यामुळे दोन हजार टनांहून अधिक वजनाचा अख्खा गाळा बार्जवरून नेऊन खांबांवर बसवता आला. पोलादी पूल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हावड्याचा येतो. तो 1943 चा, कॅन्टिलिव्हर पद्धतीचा: दोन्ही काठांवरून झेपावलेले दोन बाहू आणि त्यांच्या टोकांनी तोललेला मधला भाग, म्हणून नदीच्या पात्रात एकही खांब न घेता 457 मीटरचा गाळा साधला. उथळ खाडीत खांब घेता येत असल्याने इथे तेवढ्या सांगाड्याची गरजच नव्हती. सारे पोलाद रस्त्याच्या खाली राहिल्यामुळे चालकाला ते दिसत नाही, याची मला थोडी हळहळ वाटते. दृश्याचे म्हणाल तर काही ठिकाणी कठड्यावर उंच पडदे आहेत आणि पुलावर थांबण्यास मनाई आहे. शिवडीचे फ्लेमिंगो पाहायचे असतील तर शिवडीच्या धक्क्यावरच जावे.

वाचलेला वेळ पुष्कळदा पुलाच्या टोकांशी खर्च होतो. ईस्टर्न फ्रीवेवरून येणाऱ्याला पूल सरळ हाती लागतो. वरळी किंवा दादरहून येणाऱ्याचा शिवडी गाठेपर्यंतच जीव मेटाकुटीला येतो, आणि संध्याकाळी परतताना तेच उलट क्रमाने भोगावे लागते.

उरण, द्रोणागिरी, जेएनपीटी किंवा उलवे येथे जाणाऱ्यांनी हा पूल बिनदिक्कत वापरावा. वाशी-नेरूळच्या मंडळींनी जुन्या खाडीपुलानेच जावे. दुचाकी आणि रिक्षांना इथे प्रवेश नाही. विजेवर चालणाऱ्या मोटारींना ऑगस्ट 2025 पासून टोलमाफी असल्याने गाडी बदलण्याच्या विचारात असलेल्यांनी वर्षाकाठी वाचणारी टोलची रक्कम किमतीच्या हिशेबात जरूर धरावी. पेट्रोलच्या गाडीने रोज एकदाच जाऊन-येऊन करणाऱ्यांनी मासिक पासच्या वाटेला जाऊ नये, परतीचाच टोल भरावा.